मी हिराताईंना दम दिला

हसणार असाल तर आधी हातातला चहा संपवा. मागे एकदा हा किस्सा सांगताना आमच्या मेहुण्यांना असा ठसका लागला होता, की त्यांच्या पाठीवर थापा मारता मारता शेवट सांगायचाच राहून गेला. एखाद्याला चार खडे बोल सुनावायला गेला आणि त्याचा जाहीर सत्कार करून परत आला, असा माणूस पाहिलाय तुम्ही कधी? नसेल, तर बघून घ्या. समोरच बसलाय.

पनवेलहून गोवा हायवेला लागलं, की कर्नाळ्याच्या अलीकडे एक वृद्धाश्रम होता. मी तिथला व्यवस्थापक. पद ऐकायला भारदस्त, पण काम एकच, गोड बोलणं. टँकरवाल्याशी गोड बोला, वायरमनशी गोड बोला, महिन्यातून एकदा तोंड दाखवणाऱ्या नातेवाइकांशी तर फारच गोड बोला. त्यात माझा हात धरणारा कोणी नव्हता.

अडचण व्हायची ती कडू बोलायची वेळ आली की. आमच्या घराण्यात ती सोयच नाही हो. माझे वडील एकदा भाडेकरूला घर खाली करा म्हणून सांगायला गेले आणि त्याच्या मुलीच्या लग्नाला आमची ओसरी देऊन परत आले. त्यांचाच मी मुलगा.

आता हिराताई. त्या आमच्याकडे आया होत्या. उरणच्या रस्त्याला खाडीकाठी त्यांचं गाव, माणूस अस्सल आगरी. घरी काही कमी नव्हतं. सरकारी प्रकल्पात जमिनी गेल्या, त्यांचा पैसा आला, मोठा बंगला झाला. बाईंना नोकरीची गरज अशी नव्हतीच. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "घरात बसून टीव्ही बगाचा, त्यापेक्षा म्हाताऱ्यांशी भांडलेला काय वाईट?"

आणि भांडायच्या कशा! पण आजोबा लोकांना अंघोळ घालावी ती त्यांनीच. रुसलेल्या आजीला दोन घास भरवावेत ते त्यांनीच. गावात मात्र या कामाला किंमत नव्हती. सासू चारचौघांत म्हणायची, बंगल्यातली सून लोकांच्या म्हाताऱ्यांचं हागमूत काढायला जाते, आमची अब्रू घालवते. हिराताई हे आम्हाला हसत हसत सांगायच्या. हसत सांगायच्या म्हणून आम्हीही हसायचो.

त्यांच्यात खोट एकच होती. बोंबील.

सुका बोंबील चुलीत भाजायचा, पुडीत बांधायचा, पदराआडून आणायचा आणि तोंडाला चव नाही म्हणणाऱ्या म्हाताऱ्याच्या हातावर ठेवायचा. म्हातारा दोन दिवस खुशीत. त्याचं ब्लडप्रेशर चार दिवस खुशीत. डॉक्टर ओरडून ओरडून थकले, की अहो, इथे मीठ मोजून द्यायचं असतं. हिराताई मान डोलवायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुडी बदलायच्या.

हे चाललं असतं आणखी वर्षभर. पण त्यात सापडले जोगळेकर आजोबा. उभ्या जन्मात कांदासुद्धा बेतानं खाल्लेला हा माणूस ऐंशीव्या वर्षी बोंबलाच्या नादी लागला. मुलगा रविवारी भेटायला आला, वडिलांची उशी प्रेमानं सारखी करायला गेला, आणि उशीखालून निघाला अर्धा खाल्लेला बोंबील. आजोबा म्हणाले, औषध आहे.

मुलगा तडक आमच्या विश्वस्तांकडे, अण्णासाहेबांकडे गेला. अण्णासाहेबांनी मला बोलावलं. म्हणाले, देवधर, त्या बाईंना स्पष्ट समज द्या. पुन्हा बोंबील दिसला तर बाईंना नारळ द्यायचा. मग माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून म्हणाले, "तुम्हाला जमेल ना?"

जमेल ना म्हणजे काय? मी त्याच महिन्यात वाशीला शिबिर करून आलो होतो. सेवाक्षेत्रातल्या माणसांनी सहकाऱ्यांशी अवघड विषय कसा बोलावा, यावर एका मॅडमनी दोन दिवस आम्हाला तयार केलं होतं. माणसाला उभं ठेवायचं नाही, खुर्ची द्यायची. दार लावून घ्यायचं. चहा मागवायचा. आधी दोन शब्द कौतुकाचे, मग मुद्दा, मग पुन्हा कौतुक. मुद्द्याच्या आधी थोडं थांबायचं, म्हणजे समोरच्याचं मन तयार होतं. मॅडम याला सँडविच म्हणायच्या. मी मनातल्या मनात त्याचा वडापाव करून ठेवला. खाली पाव, वर पाव, काय तिखट असेल ते मधल्या वड्यात.

हिराताईंना ऑफिसात बोलावलं. खुर्ची पुढे केली. त्या खुर्चीकडे बघत राहिल्या. या ऑफिसात इतकी वर्षं त्या कधी बसल्याच नव्हत्या. बसा म्हटल्यावर कडेला टेकल्या. मी दार लावलं. चहा मागवला, तोही सोनेरी काठाच्या कपबशीत, जी एरवी फक्त अण्णासाहेबांसाठी निघायची.

आता मला सांगा, इथे काय चुकलं? शिबिरात चुकलं नव्हतं, पण हिराताईंच्या गावात चुकलं होतं. त्यांच्याकडे ज्याला दम द्यायचा त्याला अंगणात उभं करून, चार माणसांना ऐकू जाईल असा देतात. घरात बोलावून, बसवून, चांगल्या कपातून चहा देतात तो फक्त मानकऱ्याला. बाई तिथेच अर्ध्या हरखल्या होत्या. मला वाटलं, घाबरल्यात. म्हणून मी आणखी मऊ झालो.

म्हटलं, हिराताई, तुमच्या हाताला चव आहे, आजोबा लोकांचा तुमच्यावर जीव आहे. हा झाला खालचा पाव. मग थोडं थांबलो. मग काढला वडा. म्हटलं, "मात्र या वयात कोणाच्या पोटात काय जातं, मीठ किती जातं, याकडे आता कोणीतरी जबाबदारीनं पाहायला हवं, असं अण्णासाहेबांचं म्हणणं आहे." आणि त्या काही बोलायच्या आत वरचा पाव ठेवून दिला, "तुमच्याइतकं हे दुसरं कोण समजून घेईल?"

हिराताईंचे डोळे भरून आले. मला वाटलं, वर्मी लागलं.

"अण्णासायब सोता बोलले?"

"त्यांनीच सांगितलं."

"मंग कदीपासून?"

"आजपासूनच," मी म्हणालो. बघा, एक अक्षर खोटं नाही.

डिसेंबरातली सकाळ होती. बाई पदर गुंडाळून बसल्या होत्या, खांदे थरथरत होते. मला वाटलं, थंडी वाजतेय, त्यात आपण बोललो. कपाटात कुठल्याशा कार्यक्रमातली एक शाल उरलेली होती. ती काढली आणि त्यांच्या खांद्यावर घातली. त्याच वेळी खिडकीबाहेर जोगळेकर आजोबा आणि मंडळी कान लावून उभी होती. शाल बघताच सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी अण्णासाहेबांना फोन केला. म्हटलं, समज दिली, बाई रडल्या. अण्णासाहेब म्हणाले, शाबास.

दुसऱ्या दिवशी सकाळी आश्रमाच्या फाटकातच वास आला. आत जाऊन बघतो तर हिराताई पदर खोचून जेवणघरात उभ्या आणि ओळीनं प्रत्येक ताटात बोंबील. आजवर लपवून एकाला मिळायचा, आता उघड सगळ्यांना. मी काय समजलो असेन? निरोपाचं वाटप! बाई सवय सोडतायत, शेवटचं तोंड गोड, म्हणजे खारट, करतायत. अशा वेळी मध्ये बोलणं बरं दिसत नाही, म्हणून मी ऑफिसात जाऊन दार लावून घेतलं.

त्या दिवसांत पनवेलात फ्लेक्सचं पेव फुटलं होतं. कोणाचा वाढदिवस, कोणाच्या नव्या गाडीचं आगमन, कोणाचा मुलगा दहावी पास, लागला नाक्यावर फ्लेक्स. तर गुरुवारी मी बसमधून कामावर येत होतो. आमच्या नाक्यावर एक नवा कोरा फ्लेक्स, चांगला दुमजली. मध्यभागी हिराताई, खांद्यावर माझी शाल. खाली गॉगल लावलेले पुतणे ओळीनं. आणि वर लिहिलेलं, वृद्धाश्रमाच्या मुख्य व्यवस्थापकपदी निवड झाल्याबद्दल हिराकाकींचे हार्दिक अभिनंदन, रविवारी भव्य नागरी सत्कार.

मुख्य व्यवस्थापक? अहो, ते तर मी!

बस पुढे गेली तरी मी मान वळवून बघत होतो. खाली कोपऱ्यात, पासपोर्टएवढा, माझाही फोटो होता. त्याखाली लिहिलेलं होतं, प्रमुख पाहुणे, माजी व्यवस्थापक.

ऑफिसात पोहोचतो तोच अण्णासाहेबांचा फोन. त्यांनीही येता येता फ्लेक्स वाचला होता. देवधर, तुम्ही राजीनामा दिलात तो निदान मला तरी कळवायचा, असं म्हणाले. मी सगळं सांगितलं. मग ते म्हणाले, रविवारच्या आत त्या बाईंना खरं काय ते सांगा, नाहीतर सोमवारी मी सांगतो, आणि मी सांगेन तेव्हा नोकरी राहणार नाही. कोणाची, ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

गुरुवारी सांगणार होतो. पण हिराताईंनी मला नवी साडी दाखवली. शुक्रवारी सांगणार होतो. त्या म्हणाल्या, "सायब, आमची सासू कुनाला घर दाखवताना आता सांगते, ही आमची मोठी सून, म्हाताऱ्यांचा आश्रम चालवते. इतक्या वर्सात पयल्यांदा मोठी सून बोलली." आता सांगा, यावर कोणता वडा काढायचा? शनिवारी त्या सुट्टीवर होत्या, तेवढंच सुख.

रविवारी गेलो. ठरवून गेलो, की कार्यक्रम सुरू व्हायच्या आत बाजूला घेऊन सांगायचं. पण आगरी गावात पाहुणा म्हणून जाऊन बघा एकदा. आधी जेवण, मग बोलणं. तांदळाची भाकरी, कोळंबीचं कालवण, वरून पुन्हा आग्रह. तोंडात घास असताना तुमची काल्पनिक बढती रद्द आहे, असं कोणाला सांगता येतं का? जेवून उठलो तोच मला थेट स्टेजवर बसवलं.

देवळापुढे मांडव. पुढच्या रांगेत सासूबाई, नाकात नथ, मांडीवर माझीच शाल घडी करून ठेवलेली. स्टेजच्या बाजूला बेंजो पार्टी. सरपंच बोलले, पुतण्या बोलला, आणि माइक माझ्या हातात आला.

मी ठरवलं, आता इथेच. खालच्या पावानं सुरुवात केली, हिराताईंच्या सेवेबद्दल बोललो, आणि ते सगळं अगदी मनापासून बोललो. मग म्हणालो, "पण मंडळी, आज मला एक गोष्ट स्पष्ट करायची आहे." आणि मॅडमनी शिकवल्याप्रमाणे थोडा थांबलो.

तुम्हाला बेंजोवाल्यांचा नियम माहीत आहे का? वक्ता थांबला, की भाषण संपलं. त्यांनी असा दणका दिला, की मांडव हलला. पोरं नाचायला लागली. मी हात वर करून थांबवलं, पुन्हा म्हणालो, "गैरसमज नसावा, पण..." आणि सवयीनं पुन्हा थांबलो. पुन्हा दणका. तिसऱ्या वेळी तर सरपंचांनीच माझ्या गळ्यात हार घातला आणि माइक काढून घेतला.

शेवटी मी स्टेजच्या मागे गेलो. हिराताई तिथे पंगतीसाठी भात काढत होत्या. खुर्ची नव्हती, दार नव्हतं, चहा नव्हता. गळ्यात हार, कपाळावर गुलाल, तशा अवतारात मी एका दमात बोलून टाकलं.

"हिराताई, आजोबांना बोंबील देऊ नका. पुन्हा दिलात तर नोकरी जाईल. बढती नाही. त्या दिवशी मी तुम्हाला दम देत होतो."

त्यांचा हात भातात तसाच राहिला. पुढे बेंजो वाजत होता. मला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपण त्या भातासकट आत जावं. लाज वाटली हो मला, खरोखरची लाज. ज्या बाईला एक वाक्य सांगायचं होतं, तिला मी सगळ्या गावासमोर मांडवात आणून उभी केली होती.

"ह्यो दम व्हता?" त्या म्हणाल्या.

"हो."

"मंग शाल कशाला घातली?"

"तुम्हाला थंडी वाजत होती, असं वाटलं."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं त्या अंघोळीला नको म्हणणाऱ्या आजोबांकडे बघायच्या. मग म्हणाल्या, मान्सं जेवल्याबिगर कोनाला काय बोलू नका, उपाशी जातील. शेवटची पंगत उठेपर्यंत त्यांनी स्वतः वाढलं. चेहरा कोरा. मी एका कोपऱ्यात हार गळ्यात घालून बसलो होतो, नवरी पळून गेलेल्या नवरदेवासारखा.

पंगती उठल्यावर त्या स्टेजवर गेल्या आणि माइक घेतला. बेंजोवाल्याला आधी हातानं बजावलं, की गप बस. मग म्हणाल्या, "मना बढती नाय. मी हाय ती आयाच हाय. म्हाताऱ्यांना बोंबील देते म्हनून सायबांनी मना दम दिला. पन यांना दम देता येत नाय, म्हनून शाल दिली."

एवढंच. माझे पाय पळायच्या तयारीत होते. तेवढ्यात पुढच्या रांगेतून सासूबाईंचा आवाज आला.

"मंग ही शाल परत द्याची काय?"

अख्खा मांडव हसला. सासूबाई उठल्या, स्टेजवर गेल्या, आणि म्हणाल्या, गाव जेवला, बेंजो वाजला, आता सत्कार काय परत घ्याचा नाय. माझी सून म्हाताऱ्यांना बगते, त्याचा झाला सत्कार. असं म्हणून त्यांनी स्वतःच्या हातानं ती शाल हिराताईंच्या खांद्यावर घातली. या वेळी बाईंचे डोळे भरले, ते मात्र मला बरोबर कळलं. बेंजोवाल्यालाही न सांगता कळलं.

सोमवारी हिराताई जेवणघरात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, आजपासून बोंबील बंद, डाक्टर नाय बोलला. जोगळेकर आजोबा दोन दिवस रुसले. तिसऱ्या दिवशी वरणभात जेवले. संपलं. त्यासाठी मी वाशीला दोन दिवस घालवले होते!

मी सगळी हकीकत अण्णासाहेबांना सांगितली, माइकवरच्या भाषणासकट. ते नुसते हं म्हणाले. आठवड्यानं त्यांनी मला घरी बोलावलं. बसा म्हणाले. चहा आला. दार लावून घेतलं, फार आपुलकीनं बोलले. देवधर, तुमच्यासारखा मृदू माणूस मिळणं कठीण. मग थोडं थांबले. तुमच्यावर एकट्यावर ताण मात्र फार पडतो. आश्रमाची बाग आहे, पुस्तकं आहेत, सणवार आहेत, त्याकडे रसिकतेनं पाहणारं कोणीतरी हवं. तुमच्याइतकं ते कोणाला जमणार?

मी पेढे घेऊनच घरी गेलो. बायकोला म्हटलं, शुभा, आपल्या कामाची कदर झाली. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"चहा कसल्या कपात दिला?"

"चांगल्या, चिनीमातीच्या."

"आणि दार लावलेलं होतं?"

"हो, का?"

तिनं हातातला पेढा परत खोक्यात ठेवला.

दुसऱ्या दिवशी आश्रमाच्या व्हरांड्यात हिराताई कमरेवर हात ठेवून वाट बघत होत्या. बसा नाही, चहा नाही. "सायब, आजपासून मान्सांचा काम माज्याकडं. कोनाला काय सांगाचा, कोनाला वरडाचा, ते मी बगनार. हिशोबाला कारकून हाय. तुमी बाग बगाची. अण्णासायबांनी सांगला ना तुमाला?"

मी म्हणालो, सांगितलं की.

"मना वाटलाच, तुमाला कळला नसंल," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

संध्याकाळी घरी जाताना नाक्यावर उतरलो. फ्लेक्स अजून तसाच होता. त्यांचा पुतण्या तिथेच पानाच्या टपरीवर उभा होता. त्याला म्हटलं, अरे बाबा, आता तरी हा उतरव, सगळं चुकीचं छापलंय.

त्यानं गॉगल कपाळावर सरकवला. म्हणाला, "सायब, चूक कुटं हाय ती दाखवा, बदलून टाकतो."

मी वरपासून खालपर्यंत वाचला. खालच्या कोपऱ्यापर्यंत. चूक नव्हती.